हुमणीवर मित्र सूत्रकृमी: जुलै-ऑगस्टचा हंगाम हातचा जाऊ देऊ नका

उसाचे पिवळे पडलेले बेट जरा ओढले आणि ते मुळांविना अलगद हातात आले, की हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, लागल्याचे कळते. बहुतेक शिवारांत हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसते, आणि मग दुकानाकडे धाव घेतली जाते. त्या वेळी ईपीएन, म्हणजे कीटकांना मारणारे मित्र सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म, दोऱ्यासारखे कृमी), सोडून फारसा उपयोग होत नाही. दोष सूत्रकृमींचा नसतो, तारखेचा असतो.

तारीख ठरवायची ती पंचांग पाहून नाही, भुंगेरे पाहून. वळवाचा चांगला पाऊस झाला, की दिवेलागणीला हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. महाराष्ट्रात उसात आणि भुईमुगात मुख्यतः होलोट्रिकिया सेराटा ही जात आढळते. कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या मळ्यांत ल्युकोफोलिस लेपिडोफोराही असते. होलोट्रिकियाची मादी जमिनीत अंडी घालते. ती १० ते १५ दिवसांत उबतात, पहिल्या अवस्थेतली अळी २५ ते ३० दिवस राहते आणि मग दुसरी अवस्था सुरू होते. म्हणजे भुंगेरे निघाल्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांनी अळी दुसऱ्या अवस्थेत येते आणि वरच्या वीतभर मातीत मुळांशी असते. सूत्रकृमी सोडायची वेळ हीच. भुंगेरे जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसले असतील, तर जुलैचा तिसरा आठवडा धरा. पाऊस लांबला असेल तर तारीखही तेवढीच पुढे जाईल. तिसरी अवस्था चार-पाच महिने चालते. मुळांचा खरा फडशा तीच पाडते आणि सूत्रकृमींना दाद देत नाही तीही हीच.

'सूत्रकृमी' म्हटले की डाळिंब, टोमॅटो, वांग्याच्या मुळांवरच्या गाठी डोळ्यांसमोर येतात आणि विकत आणून ते शेतात सोडायचे म्हणजे काय, असा प्रश्न पडतो. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा भाला असतो, तो मुळात खुपसून ती रस शोषते. ईपीएनला तसा भाला नाही; पिकाचे तिला काही खाताच येत नाही. आपल्याकडे वापरात असलेली जात हेटेरोरॅब्डायटिस इंडिका. ती कोइमतूरला उसावरच्या शेंडे पोखरणाऱ्या किडीतून मिळाली आणि १९९२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. नावातले 'इंडिका' तिथूनच आले. इथल्या उष्ण मातीत टिकणारी जात आहे, म्हणून थंड देशांतल्या जातींपेक्षा हीच घ्यावी.

जमिनीत फिरणारी तिची पिल्ले अर्ध्या मिलिमीटरची असतात आणि काही खात नाहीत. साठवलेल्या चरबीवर तग धरून यजमान शोधतात. अळीचे तोंड, गुदद्वार किंवा अंगावरची श्वासरंध्रे यांतून ती आत शिरतात. हेटेरोरॅब्डायटिसच्या डोक्याशी बारीक दातही असतो, त्याने नाजूक कातडी फाडता येते. आत गेल्यावर आतड्यात बाळगलेले फोटोरॅब्डस नावाचे जिवाणू ती सोडतात आणि अळी साधारण एक ते तीन दिवसांत मरते. सूत्रकृमी त्याच मेलेल्या अळीत वाढतात, पिढ्या काढतात आणि १० ते १५ दिवसांनी हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात.

मग मोठी हुमणी का सुटते? तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखी झडप असते. ती सारखी विष्ठा टाकत राहते, त्यामुळे मागून शिरू पाहणारे बाहेर फेकले जातात. अंगाला चिकटलेले सूत्रकृमी ती पायांनी आणि तोंडाने झटकूनही टाकते. मातीतच जन्म काढणारा किडा आहे, मातीतल्या शत्रूंशी कसे वागायचे ते त्याला ठाऊक असणारच. लहान अळीची ही तयारी कच्ची असते.

खरेदी करताना पाकिटावर किंवा बाटलीवर जातीचे नाव, दर ग्रॅम वा मिलिलिटरला जिवंत सूत्रकृमींची संख्या, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत पाहा. नुसते 'जैविक, हुमणीवर हमखास' एवढेच छापलेले असेल तर परत ठेवा. सर्वसाधारण मात्रा हेक्टरी २५० कोटी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २५ सूत्रकृमी. एकराला सुमारे १०० कोटी लागतात. पाकिटातली संख्या गुणून पाहा. एकरी एक पाकीट सांगितले असेल आणि हिशेबात २० कोटीच भरत असतील, तर ते पाकीट एकराचे नाही.

आणल्यावर आधी जिवंतपणा तपासा. चिमूटभर भुकटी किंवा थेंबभर द्रावण काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टाका, अर्धा तास सावलीत ठेवा, पेल्याखाली काळा कागद धरा आणि दहापट भिंगातून पाहा. जिवंत सूत्रकृमी नागमोडी वळवळतात. मेलेले सुईसारखे ताठ पडलेले असतात. दहांतले निदान सात-आठ हलताना दिसले नाहीत तर माल दुकानदाराला परत करा, मात्रा वाढवून काम भागवू नका. साठवण शक्यतो करूच नये. करावीच लागली तर १५ अंशांच्या आसपास, सावलीत. ही उष्ण प्रदेशातली जात आहे. फ्रीजच्या थंडीत ती लवकर खंगते आणि बर्फाच्या कप्प्यात तर मरतेच. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेले पाकीटही गेलेच समजा.

आता सोडायचा दिवस. जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) किंवा त्याहून थोडी ओली हवी. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातूनच सूत्रकृमी सरकते. कोरड्या मातीत ती जागची हलत नाही आणि पाणी साचलेल्या सरीत हवेअभावी गुदमरते. पावसाने उघडीप दिली असेल तर आदल्या दिवशी हलके पाणी द्या. काम दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी करा. उन्हातली अतिनील किरणे तिला काही मिनिटांत निकामी करतात.

पाठीवरच्या पंपाने आळवणी, म्हणजे पिकाच्या बुडाशी द्रावण सोडणे, करायची असेल तर हिशेब असा: एकराला २०० लिटर पाणी धरले, तर १०० कोटींच्या मात्रेत लिटरला ५० लाख सूत्रकृमी येतात आणि १६ लिटरच्या पंपाला ८ कोटी. एकराला साडेबारा पंप होतात. भुकटी असेल तर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून सुती कापडातून गाळा, तळाचा चुनखडीसारखा गाळ पुन्हा एकदा धुऊन तेही पाणी घ्या. पंपाच्या आतली बारीक जाळी काढून ठेवा आणि नोझलची टोपीही काढा. धार सोडायची आहे, फवारा नाही. सर्वांत जास्त चूक होते ती इथेच: सूत्रकृमी पाण्यात तरंगत नाहीत, तळाशी बसतात. बॅरल ढवळला नाही तर पहिल्या पंपात पाणी जाते आणि शेवटच्या पंपात सगळे सूत्रकृमी. दर पंप भरताना काठीने ढवळा. तयार द्रावण दोन-तीन तासांत संपवा. पूर्वी कीटकनाशक किंवा तणनाशक वापरलेला पंप साबणाने धुतलेला असावा.

धार उसाच्या ओळीत, बुडाशी सोडा. सरीच्या मधोमध नाही. हुमणी जिथे मुळे तिथेच असते. सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या) उसात ऑगस्टअखेर आत शिरणे कठीण होते, म्हणून ऊस दाटण्याआधी उरका. आडसाली (पावसाळ्यातली) लागण असेल तर लावणीनंतर पहिल्या-दुसऱ्या आंबवणीच्या, म्हणजे पाण्याच्या, वेळी ओळीतून सोडता येते. आळवणीनंतर त्याच संध्याकाळी हलके पाणी द्या, म्हणजे पृष्ठभागावर राहिलेले खाली उतरतील, आणि पुढचे दोन आठवडे जमीन सुकू देऊ नका. भारी काळ्या जमिनीत सूत्रकृमींची चाल मंद असते. तिथे ओळीला चिकटून आळवणी करणे अधिकच गरजेचे. हलक्या, वाळूमिश्रित मातीत निकाल लवकर दिसतो.

ठिबकमधून सोडणाऱ्यांसाठी: शंखजिऱ्यासारख्या भुकटीवरचे उत्पादन ठिबकमधून सोडू नये, ड्रिपर चोंदतात. द्रवरूप असेल तरच व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या साधनातून) द्या. त्याआधी अर्धा तास साधे पाणी चालू ठेवा, सोडताना जाळीच्या फिल्टरमधली जाळी काढा, आणि नंतर २०-३० मिनिटे पुन्हा स्वच्छ पाणी सोडा, नाहीतर सूत्रकृमी लॅटरलमध्येच (ड्रिपर बसवलेल्या नळीतच) राहतील. लॅटरल लांब असेल तर शेवटच्या ड्रिपरपर्यंत कमीच पोहोचतात. एवढी कसरत परवडत नसेल तर पंपाचीच आळवणी बरी.

रसायनांबाबत ढोबळ नियम: कार्बोफ्युरानसारखी सूत्रकृमीनाशक दाणेदार औषधे आणि ईपीएन एकत्र कधीच नको. युरियाचा जड हप्ता आणि ताजे, न कुजलेले शेण यांतून निघणारा अमोनियाही सूत्रकृमींना मारक ठरतो. त्यांच्यात आणि आळवणीत १० ते १५ दिवसांचे अंतर ठेवा. शिवाय कच्चे शेणखत म्हणजे हुमणीला अंडी घालायचे आमंत्रणच. मेटारायझियम ही किडींना मारणारी बुरशी मात्र चांगली जोडीदार आहे: लागणीच्या किंवा भरणीच्या (उसाला मातीची भर देण्याच्या) वेळी चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ती आधी द्या आणि तीन-चार आठवड्यांनी सूत्रकृमी सोडा. बुरशीने अर्धमेली झालेली अळी सूत्रकृमींना सहज सापडते.

आठ-दहा दिवसांनी शेतात पाच ठिकाणी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन मुळांभोवतीची माती चाळा. सूत्रकृमीने मेलेली अळी विटकरी किंवा तांबूस, लिबलिबीत असते आणि तिला घाण वास येत नाही, कारण फोटोरॅब्डस जिवाणू कुजवणाऱ्या इतर जिवाणूंना फिरकू देत नाही. काळी पडून दुर्गंधी येणारी अळी दुसऱ्या कशाने मेलेली; कडक होऊन हिरवी भुकटी धरलेली असेल तर ते मेटारायझियमचे काम. तांबूस अळी अंधाऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटे नजर स्थिरावू देऊन पाहिली तर मंद उजेडही दिसू शकतो; हे जिवाणू चमकणारे आहेत. मेलेल्या अळ्या थोड्याच दिसल्या तर लगेच निराश होऊ नका, मातीत त्या पटकन विरघळतात. खड्ड्यातल्या जिवंत अळ्यांची संख्या आळवणीआधीच्या खड्ड्यांशी ताडून पाहा. त्यासाठी आधीचे पाच खड्डे घ्यायला विसरू नका.

तांबूस अळ्या फेकून देऊ नका. त्यांच्या पोटात पुढची पिढी आहे. जिथे बेटे पिवळी पडू लागली असतील, तिथल्या ओल्या मातीत दोन-तीन इंच खोल पुरा आणि वर पाचट टाका.

पुढच्या मे महिन्यात सूत्रकृमी जमिनीत टिकलेत का, हे मधमाश्यांच्या पोळ्यात होणाऱ्या मेणअळ्यांवरून कळते. मातीचा पावशेर ओलसर नमुना डब्यात घ्या, चार-पाच अळ्या त्यावर ठेवा, झाकणाला बारीक भोके पाडा, डबा उलटा करून सावलीत चार-पाच दिवस ठेवा. अळ्या तांबड्या पडून मेल्या तर सूत्रकृमी आहेत. पांढऱ्याच राहिल्या तर यंदा पुन्हा सोडावे लागतील.