नळीवरचं नाव वाचून थांबू नका: दुर्मीळ काडतुसांची रायफल आणि घरच्या भरणीतल्या चुका

माझ्या .२५७ रॉबर्ट्स रायफलची काडतुसं पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या दुकानात मिळत नाहीत. .३०८ आणि .३०-०६ ची खोकी भिंतभर रचलेली असतात, रॉबर्ट्सचं खोकं मात्र वर्षातून एखाद्या वेळी दिसतं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडतो, आणि त्या दिवशी खिशात जी पाच काडतुसं असतात ती मी घरी, रिकाम्या पितळी पुंगळीत पावडर, गोळी आणि प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) घालून, स्वतः भरलेली असतात. इतक्या वर्षांत मी केलेल्या आणि रेंजवर इतरांच्या हातून होताना पाहिलेल्या चुकांचं मूळ एकच आहे. कुठल्यातरी वस्तूवर लिहिलेलं नाव आपण वाचतो, आणि मग मोजायचं सोडून देतो.

रायफलीबरोबर आलेलं खोकं

अशा रायफली बहुधा कुणाच्या तरी घरातून येतात. माझी शेजारच्या आजोबांची होती. ते गेल्यावर आजींनी ती मला दिली, सोबत पेन्सिलीनं पावडरीचं नाव आणि वजन लिहिलेली चिठ्ठी असलेलं भरलेल्या काडतुसांचं खोकंही दिलं. ती काडतुसं मी झाडली नाहीत, तुम्हीही झाडू नका. चिठ्ठीवर पावडरीचं नाव असलं तरी आत तीच पावडर आहे याला पुरावा नसतो. गोळ्या ओढून काढा, पावडर बागेच्या मातीत मिसळून टाका, आणि पुंगळ्या धड असतील तर तेवढ्या ठेवा.

मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून घ्या. उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा एक मिश्रधातू असतो, तो चेंबरमध्ये ओतून थंड झाल्यावर ढकलून काढायचा आणि तासाभरानं मोजायचा. नळीवर कोरलेलं नाव खरं की मागच्या मालकानं चेंबर बदलून घेतलंय, हे त्यातून कळतं.

पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

रॉबर्ट्सचं कूळ ७×५७ माउझरचं. नेड रॉबर्ट्स यांनी त्या पुंगळीचा गळा आवळून ०.२५७ इंचाची गोळी बसवली, आणि १९३४ साली रेमिंग्टननं हे काडतूस बाजारात आणलं. त्यामुळे रॉबर्ट्सच्या पुंगळ्या मिळेनात तेव्हा ७×५७ च्या घेऊन रॉबर्ट्सच्या डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) काढायच्या, ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण बुडावर ‘७×५७’ तसंच राहतं. ज्याच्या घरी दोन्ही रायफली आहेत त्यानं हे लक्षात ठेवायला हवं, कारण रॉबर्ट्सचं काडतूस ७×५७ च्या चेंबरमध्ये जाऊ शकतं. मी अशा पुंगळ्यांच्या बुडावर लाल पक्क्या शाईची रेघ मारतो आणि त्यांचा डबाच वेगळा ठेवतो.

दुसरी गोष्ट गळ्याच्या जाडीची. पितळ आवळलं की भिंत जाड होते. गोळी बसवल्यावर गळा चेंबरमध्ये घट्ट बसला तर बार उडताना गोळीला सुटायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. साधी तपासणी अशी: एकदा झाडलेली पुंगळी घ्या, न आवळता नवी गोळी तिच्या तोंडाशी सोडा. ती अलगद आत घसरली पाहिजे. अडली, तर गळा आतून किंवा बाहेरून तासून घेतल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका.

चकचकीत रेघ

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. डायसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर थोडं आणखी फिरवा. मी तेच करत गेलो. आजोबांच्या रायफलीचं चेंबर मात्र थोडं लांब होतं. दर वेळी डाय पुंगळीचा खांदा (गळ्याखालचा उतार) मागे ढकलत होती, दर वेळी बार उडाला की तो पुन्हा पुढे जात होता, आणि तेवढं पितळ बुडाच्या वरच्या भागातून ताणून येत होतं.

चौथ्या भरणीला, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, रेंजवर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडून पुंगळी हातात घेतली. बुडापासून बोटभर वर एक बारीक, चकचकीत रेघ, पूर्ण गोल फिरलेली. घरी येऊन कागदाची टाचणी सरळ केली, टोक वाकवून आकडा केला आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून वर ओढला. रेघेच्या जागी तो खट्कन अडकला. म्हणजे आत खोबण पडली होती, आणि अजून एका बारात बूड वेगळं होऊन तापलेला वायू बोल्टच्या बाजूनं माझ्या तोंडावर आला असता. त्या लॉटच्या वीसही पुंगळ्या पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या. त्या पुन्हा मिळवायला मला पाच महिने लागले.

आता मी कॅलिपरला कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर दाखवणारा जोड) लावून झाडलेल्या पुंगळीचा खांदा मोजतो आणि डाय अशी लावतो की तो फक्त दोन हजारांश इंच मागे यावा. पितळ दुर्मीळ असलं की माणूस एकेक पुंगळी जास्तच चालवतो, म्हणून हे मोजमाप इथे जास्त लागतं. गळे तडकू नयेत म्हणून ते आधीच तापवून मऊ करता येतात. बुडावरची रेघ दिसली की मात्र दुरुस्ती नाही.

एकच आकडा, दोन पावडरी

पावडरीच्या डब्यावरचा आकडा पुरेसा नसतो. ‘४८३१’ नावाच्या दोन पावडरी आहेत, एक हॉजडनची आणि एक आयएमआरची. आयएमआरची जास्त वेगानं जळते. हॉजडनच्या भरणीच्या कोष्टकातलं वजन घेऊन दुसरी भरली तर दाब हद्द ओलांडतो. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा, आणि ग्रेनमधलं वजन वाचण्याआधी डब्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचा. दुर्मीळ काडतुसाची कोष्टकं कमी मिळतात, म्हणून लोक शेजारच्या काडतुसाचं वजन उचलतात. तसं करू नका. कोष्टकातल्या सुरुवातीच्या वजनापासून चढत जा, आणि सावकाश जळणाऱ्या पावडरी त्या वजनाच्या खालीही नेऊ नका. अर्धवट भरलेल्या पुंगळीतही दाब अचानक उसळू शकतो.

जुन्या रायफलीला युरोपातला दाब

७×५७ ला ब्रिटनमध्ये .२७५ रिग्बी म्हणत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ साली जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रिग्बी याच काडतुसाची. अमेरिकी मानकात याचा कमाल दाब ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, युरोपी मानकात तो सुमारे ५६,५०० होतो. १८९३ आणि १८९५ च्या माउझर रायफली अजून वापरात असल्यानं अमेरिकी आकडा खाली ठेवलेला आहे. १८९८ च्या रचनेतला तिसरा सुरक्षा-लग (बोल्ट अडवून धरणारा खुंटा) त्या जुन्या बोल्टला नाही, म्हणून युरोपी कोष्टकातला दाब तिला झेपेल असं धरू नका. ‘प्रायमर चपटा झाला की थांबेन’ असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दुबळ्या रायफलीत ती खूण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

नावामुळे झालेला घोटाळा कंपनीच्या पातळीवरही घडला आहे. १९५७ च्या .२८० रेमिंग्टनला रेमिंग्टननं १९७९ साली ‘७ मिमी एक्स्प्रेस’ म्हणायला सुरुवात केली. लोक ते ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच समजू लागले, आणि शेवटी .२८० हे नाव परत आणावं लागलं.

गोळी पडते, पण आडवी

नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते; लांब गोळीला पीळ कमी पडला तर ती आडवी होते. १९५५ च्या .२४४ रेमिंग्टनच्या नळीतला पीळ बारा इंचांत एक वेढा होता. हलक्या गोळ्यांना तो ठीक, हरणासाठी लोकांना हवी असलेली लांब १०० ग्रेनची गोळी त्यात भरवशाची नव्हती. १९६३ मध्ये तेच काडतूस नऊ इंची पिळासह ६ मिमी रेमिंग्टन या नावानं परत आलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, आणि तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब असते. तिथल्या मित्रांनी जुन्या नळीचा पीळ आधी मोजावा. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावा, गजावर खूण करा, आत ढकला, आणि खूण पूर्ण फिरायला किती इंच लागतात ते बघा.

कायदा

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. एच-वन-बीवर असाल तर बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. तो परवाना हाती येईपर्यंत प्रायमरचं खोकंही घरात आणू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या भावंडांनी हे वाचावं, करू नये.

आणि रेंजची बॅग प्रवासाला घेऊ नका. पुण्याला निघताना मी दरवर्षी वेगळी बॅग काढतो, तरी जॅकेटचे खिसे उलटे करतो, अस्तराच्या शिवणी चाचपतो. एकदा अस्तरात एक रिकामी पुंगळी सापडली होती. ती मुंबईच्या विमानतळावर सापडली असती, तर घरी पोचण्याआधी पोलीस ठाणं बघावं लागलं असतं.