कोकणात वाइनसाठी तळघर खणू नका

युरोपातली तळघरं थंड राहतात, कारण तिथली जमीनच थंड. कोकणात दहा फूट खणलं तरी माती बारा महिने 26-27 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि जांभ्यातून पाणी झिरपतं. आषाढात तळघराची विहीर होईल. वाइनला हवेत 12 ते 14 अंश आणि 60-70 टक्के आर्द्रता, म्हणून घरातच एक थंड पेटी उभी करायची. पन्नासच्या आत बाटल्या असतील तर तोही खटाटोप नको, वाइनचा फ्रिज पुरतो. परवाना आणि बाटल्या बाळगण्याची मर्यादा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

जागा माजघरालगतची, भिंतीला ऊन न लागणारी. जुनी कोठीची खोली उत्तम, पण सुकट-बोंबील आणि आंब्याची अढी तिथून हलवा. आतून 5 बाय 6 फूट मिळाले तर एका भिंतीवर अडीचशे बाटल्या बसतात. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची, म्हणजे तीनशे किलोंच्या वर वजन. लाकडी माळ्यावर हे नको.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा. भिंतीत ओल राहिली तर ती आत कोंडते. चिऱ्याच्या भिंतीला वॉटरप्रूफ प्लास्टर करा, तीन-चार आठवडे वाळू द्या. मग थेट प्लास्टरवर 150 मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडावर सहा इंच चढवून टेपने बंद. त्यावर एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या दाट फोमची) शीट: भिंतीला 75 मिमी (50 आणि 25 असे दोन थर, सांधे एकावर एक न येता), छताला 100, फरशीखाली 50. फटीत फोम. शेवटी सिमेंट बोर्ड.

पॉलिथिन बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूलाच हवं. बहुतेक कामं इथेच बिघडतात. पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर 27 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. पॉलिथिन आतल्या बाजूला लावलं तर वाफ शीटच्या सांध्यांतून आत शिरते, पॉलिथिनच्या पाठीला पाणी होऊन बसते, आणि वर्षभरात बोर्डामागे काळी बुरशी दिसते. दोन्ही बाजूंना लावणं त्याहून वाईट: चुकून शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. वायर आणि पाइपची भोकंही सीलंटने बुजवा.

दार भरीव, इन्सुलेशन भरलेलं, चारही बाजूंनी गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी). काचेचं दार दिसतं छान, पण श्रावणात बाहेरून घाम गाळतं. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा. ती अलगद ओढून निघाली तर तिथलं गॅस्केट सैल आहे. खालची फट विसरू नका.

साधा एसी चालत नाही. तो 16 च्या खाली जात नाही, हवा कोरडी करतो, आणि कंट्रोलरला फसवून खाली नेलात तर कॉइलवर बर्फ धरतो. वाइनच्या खोलीसाठीचं स्प्लिट युनिट घ्या. त्याचं बाहेरचं युनिट पडवीत, मोकळ्या हवेत, पण थेट खाऱ्या वाऱ्याला तोंड करून नको. कॉइलला गंजरोधक लेप आहे ना, ते विकत घेतानाच विचारा. निचऱ्याच्या नळीला उतार द्या.

रॅकचे खण 10 सेंटिमीटर रुंद, 30 ते 34 सेंटिमीटर खोल. लाकूड सागवान, प्लायवूड फुगतं, वाळवीही लागते. बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू-कॅपच्या उभ्या चालतात. लेबलांवर बुरशी दिसली तर आर्द्रता 75 च्या वर गेली आहे असं समजा.

थर्मामीटरचा प्रोब हवेत न टांगता पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवा. वाइनचं खरं तापमान तोच दाखवतो. वादळात वीज गेली की दार उघडून बघण्याचा मोह आवरा. भरलेल्या खोलीतल्या बाटल्या हळूहळूच तापतात. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याला पेलेल का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.