बेळगावात बिऱ्हाड थाटताय? खरेदीला जरा दमानं घ्या

बदली होऊन किंवा लग्न होऊन बेळगावला आलेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की आल्या आल्या मोठी खरेदी करू नका. बाजार वाईट आहे म्हणून नव्हे. मी साताऱ्याची, पण आता मला याच बाजाराचा लळा आहे. पण सामान अजून खोक्यांत, गॅस लागलेला नाही, बाहेर पावसाची झड. अशा वेळी माणूस वस्तू बघतच नाही, फक्त अडचण मिटवतो. गादी, शेगडी, छत्री एवढं घ्या. कपाट आणि सोफा थांबू द्या.

रसेल बेल्क या अमेरिकी अभ्यासकानं १९७५ साली मांडलं होतं, की परिस्थिती गिऱ्हाइकाचा निर्णय पाच बाजूंनी फिरवते: जागा, सोबतची माणसं, वेळ, खरेदीचं निमित्त आणि त्या घडीची आपली अवस्था, म्हणजे थकवा, मनःस्थिती, खिशातली रोकड. नवख्या माणसावर या पाचही गोष्टी एकदम चालून येतात, म्हणून जपायचं.

सर्वांत जास्त जपायचं ते लग्नाच्या बस्त्याला. शहापूर-वडगावचा भाग विणकरांचा, तिथे साड्यांना तोटा नाही. पण बस्त्याला दोन्हीकडची माणसं गादीवर बसतात, चहा येतो, दुकानदार एकावर एक साडी उलगडत जातो. "बघा तर की ओ वैनी, घ्याच म्हणत नाही." साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत येतो आणि उठायची लाज वाटायला लागते. व्याह्यांसमोर स्वस्तातली साडी मागायला कुणाची जीभ रेटत नाही. एकटीनं गेला असता तर जी साडी बाजूला सारली असती, तीच इथे मान डोलवून घेतली जाते. यावर माझा उपाय सोपा आहे: आदल्या दिवशी दोघींनीच जाऊन भाव काढायचे, दुकान आणि रक्कम ठरवायची, मगच सगळ्यांना न्यायचं. आणि जायचं सकाळी. साडी दारापाशी, उजेडात नेऊन रंग बघायचा. दिव्याखालचा मोरपंखी घरी येऊन निराळाच निघतो.

सुपरमार्केटमध्ये यादी घेऊनच जा. १९८२ साली रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमधला अभ्यास प्रसिद्ध केला. संथ संगीत असताना लोक रेंगाळले आणि विक्री जलद संगीताच्या दिवसांपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त झाली. आपण तर गारव्यालाही रेंगाळतो.

सणाच्या आदल्या संध्याकाळी गणपत गल्लीत शिरू नका, एवढंच सांगते. सीमाप्रश्न तापला आणि दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या, की नवी मंडळी घाबरून पोतीच्या पोती भरतात. तसंही करू नका. वाण्याचं दुकान गल्लीतच असतं.

तांदळाचं मात्र सावकाश बोलते, कारण तो वर्षभर खायचा. खानापूरकडचा भात सुगीनंतर बाजारात येतो, वासावरच माणूस भुलतो. नवा तांदूळ शिजून गिचका होतो, म्हणून रोजच्यासाठी जुना मागा आणि आधी किलोभरच न्या. घरी शिजवा, जेवा, दुसऱ्या दिवशीचा शिळा भातही बघा. मग पोटभर जेवून रविवार पेठेत जा आणि पोतं ठरवा.