निराधारच्या कामात नवीन येताय? आधी पोच घ्यायला शिका

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स डिग्री) नुकतंच संपलंय, म्हणजे मी काही मोठा जाणकार नाही. पण ज्युनिअर पोरंपोरी सारखी विचारतात की फिल्डवर्कला निराधार-दिव्यांगांचं काम मिळालंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मला सांगली जिल्ह्यातलं एक गाव मिळालेलं. तेव्हा ॲडव्होकसी, म्हणजे लोकांच्या हक्कासाठी बाजू मांडणं, हे साहेबापुढं जोरात बोलणं एवढीच माझी समजूत, आणि आवाज मोठा असल्यानं आपल्याला जमणार असंही वाटायचं. पहिलीच केस एका आजींची, श्रावणबाळचे (निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शन योजनेचे) पैसे चार महिने आले नव्हते. मी त्यांना तहसीलच्या बाकड्यावर बसवलं आणि खिडकीवर एकटाच भांडलो. क्लार्क म्हणतोय पैसे सुटलेत, मी म्हणतोय खोटं बोलताय, मागं रांग खोळंबलेली. परत येताना एसटीत आजी हळूच म्हणाल्या, "माझं आणिक एक खातं हाय की रं. बचतगटाच्या बायकांनी काढून दिलेलं, तवा आधार घेतलं हुतं."

"आजी, मग तिथं सांगायचं नाही का?"

"तू बोलू कुठं दिलंस?"

झालेलं असं की हे पैसे आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात, आणि डीबीटी तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला सीड झालंय (जोडलंय) तिथं जातं. आजी दर महिन्याला जुनं पासबुक घेऊन जुन्याच बँकेत जायच्या आणि महिन्याचे १५०० प्रमाणे सहा हजार दुसऱ्या खात्यात पडून होते. त्यामुळं पैसे बंद झाले म्हणून कुणी आलं की आधी आधारच्या साईटवर बँक सीडिंग बघा. ओटीपी लागतो, आणि नंबर बहुतेक वेळा पुण्यात कामाला असलेल्या नातवाचा असतो, तेव्हा आधी त्याला फोन लावा. दुसरं कारण म्हणजे हयातीचा दाखला दिलेला नसतो. भांडण त्यानंतर.

त्या दिवसापासून मी एक करतो, घरी बसून आधी विचारतो की तुम्हाला काय पाहिजे, आणि खिडकीवर त्यांना पुढं करून मी मागं उभा राहतो. अडले तरच बोलतो. गप्प राहणं लई अवघड असतं हो, जीभ वळवळते.

आता पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा कार्यालयाचा पुरावा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. पोच असली की पुढं माहिती अधिकार टाकता येतो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीपण नाही, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकाऱ्यांपुढं तक्रारी मांडायचा दिवस) असतो, तिथंही पोच नसेल तर तुमच्याकडं दाखवायला काय आहे?

खरी डोकेदुखी उत्पन्नाच्या दाखल्याची. संजय गांधी निराधार योजना आणि श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, दिव्यांगांना ५०,००० पर्यंत चालतं. २१,००० म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! भांगलायला जाणारी बाई याच्यापेक्षा जास्त कमावते, मग ती खरं सांगून बसली की अपात्र. ही मर्यादा वाढवा म्हणणं हीसुद्धा ॲडव्होकसीच आहे, पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही. त्याला लाभ घेणारी माणसंच एकत्र यायला लागतात. सांगलीत धंदा करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली आणि स्वतःचं म्हणणं स्वतः मांडलं, ते काम एकदा समजून घ्याच, कॉलेजच्या नोट्सपेक्षा जास्त कळेल.

अजून एक चूक सांगतो. एका आजोबांना मुलगा सांभाळत नव्हता. मला २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा नुकताच शिकवलेला, मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) पोटगीसाठी अर्ज करता येतो, आणि ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली संस्थाही करू शकते. मी उत्साहात अर्ज टाईप करूनच घेऊन गेलो. आजोबांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, "पोरावर केस नको बाळ. सिव्हिलला डोळे तपासायला कुणीतरी घेऊन चल, तेवढं कर." मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पण नेलं. अर्ज अजून त्यांच्याकडंच आहे, मी परत विषय काढला नाही, काढायचा तेव्हा ते काढतील.

आणि हो, पिशवीत शाईचा पॅड ठेवा. अंगठ्यासाठी लागतो आणि ऐनवेळी तहसीलमधला वाळलेला असतो.