डिजिटल सही: डोंगल घ्या, चालवा, पण दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका

नाशिक महापालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं ई-टेंडर असो, सातपूर-अंबडच्या एखाद्या एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं) जीएसटी रिटर्न असो, नाहीतर कंपनीचे वार्षिक फॉर्म, डिजिटल सहीचं डोंगल, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण, लागतंच. पण बऱ्याच ठिकाणी ते सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि पिन डोंगलच्याच पाठीवर चिकटपट्टीने लावलेला असतो. घोळ इथूनच सुरू होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी कळ (जिच्याशिवाय सही होत नाही ती डोंगलमधली गुप्त किल्ली) सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्या नावाची सही त्याचीच. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर सीएला तसं कळवेपर्यंत जबाबदारही तोच. इथे सीए म्हणजे सर्टिफाइंग ऑथॉरिटी, तुमचा चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. दोघांची सरमिसळ रोज होते.

घेताना आधी पॅन आणि आधार समोर ठेवून नावाचं स्पेलिंग जुळवा. सहीचं सर्टिफिकेट पॅनवरच्या नावाने निघतं. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर जीएसटी किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणी अडते. केंद्र सरकारच्या नियंत्रकाचा परवाना असलेल्या सीएकडूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून क्लास टू हा खालच्या दर्जाचा प्रकार बंद आहे, त्यामुळे मागायचं ते क्लास थ्रीच. राज्याच्या टेंडर पोर्टलवर बोली भरायला साइनिंग सर्टिफिकेट पुरतं. रेल्वेची टेंडरं भरणार असाल तर एन्क्रिप्शनचंही (मजकूर कुलूपबंद करणारं) सोबत घ्या, नंतर वेगळं काढत बसावं लागतं. फर्मच्या नावाचं सर्टिफिकेट घेतलं तरी ते एका ठरावीक माणसाचंच असतं, फर्मचं नाव फक्त त्यात नोंदलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी रद्द करायचा अर्ज टाका.

व्हिडिओ पडताळणी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हे दोन्ही स्वतः करा. मूळ पॅन कॅमेऱ्यासमोर स्वच्छ दिसला पाहिजे, ट्यूबलाइटची चमक पडली तर अर्ज परत येतो. मंजुरीनंतर सर्टिफिकेट डोंगलमध्ये उतरवताना कळ डोंगलमध्येच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. म्हणून डोंगलचा बॅकअप नसतो. फॉरमॅट केलं की सही गेली, नवी घ्यावी लागते. डोंगलच्या कंपनीकडून १२३४५६७८ असा साधा पिन आला असेल तर तो लगेच बदला. ठरावीक वेळा पिन चुकला की डोंगल लॉक होतं, तेव्हा अंदाजाने आकडे मारत बसू नका.

टेंडर पोर्टलवर नवी सही आधी लॉगिनला जोडावी लागते. नूतनीकरणानंतरही हेच, कारण नवं सर्टिफिकेट म्हणजे पोर्टलच्या लेखी नवीच सही. टेंडरची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी हे कळलं, तर बोली हमखास राहते. सर्टिफिकेट दिसतच नसेल तर आधी डोंगलचा ड्रायव्हर पाहा, मग कॉम्प्युटरला दुसरं डोंगल लावलेलं आहे का ते पाहा. जीएसटीसाठी ईएमसाइनर हा सही करायचा प्रोग्राम चालू नसेल तर सहीची खिडकीच उघडत नाही. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की बहुतेक वेळा काम होतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पीडीएफमध्ये होतं. पोर्टल साइझ मोठी म्हणतं, म्हणून सही केलेली फाइल कॉम्प्रेस केली जाते किंवा दोन फाइली एकत्र जोडल्या जातात. सही त्या फाइलच्या बाइट न् बाइटवर बेतलेली असते, म्हणून फाइल बदलली की ती तुटते. आधी जोडा, मग लहान करा, सही सर्वांत शेवटी. पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नाही. बहुतेकदा तुमच्या कॉम्प्युटरला भारताच्या मूळ सर्टिफिकेटची ओळख नसते. सहीवर क्लिक करून सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट उघडा, कोणी दिलंय ते वाचा, खात्री पटली तरच ते ट्रस्टमध्ये, म्हणजे विश्वासाच्या यादीत घाला. डिजिटल सातबाऱ्यावर हा प्रश्न रोज येतो. त्याची प्रिंट काढली की कागदावर सहीचं फक्त चित्र राहतं. समोरच्याला पीडीएफ पाठवा किंवा पडताळणी क्रमांक टाकून तपासायला सांगा.

प्रत्येक कागदाला डिजिटल सही चालत नाही. मृत्युपत्र, न्यासपत्र आणि साधारणपणे कुलमुखत्यारपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते बाहेर. २०२२ च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँक वगैरे नियामकांच्या अखत्यारीतल्या संस्थांना दिलेल्या कुलमुखत्यारपत्राला सूट मिळाली, पण टेंडरसाठी भागीदाराच्या नावे करायचं कुलमुखत्यारपत्र स्टॅम्पपेपरवर, शाईच्या सहीनेच करा आणि स्कॅन करून जोडा. मुद्रांक शुल्कही डिजिटल सहीने माफ होत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० लागतात.

वर्षातून एखाद्या करारावर सही करायची असेल तर डोंगलची गरज नाही. आधारवरची ई-साइन पुरते, ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर.

येवल्याची पैठणी स्वतःच्या वेबसाइटवरून विकणाऱ्यांना सही लागत नाही, कायदा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे ऑर्डर आणि तिचा स्वीकार ऑनलाइन झाला तरी करार पक्का. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे साइटवर फर्मचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ग्राहकाच्या संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवू नका, नियमात त्याला सरळ मनाई आहे.

डोंगल हरवलं तर आधी सीएला ई-मेल करून सर्टिफिकेट रद्द करून घ्या, पोलिसांत त्यानंतर जा. ई-मेलची तारीख आणि वेळ जपून ठेवा. तुमची जबाबदारी कधी थांबली, याचा पुरावा तोच.