‘टेक ऑफ’ वापरताना या चुका टाळा, अर्धा घोळ आपल्या ‘काढणे’मुळे होतो

मराठीत आपण काय काय काढतो बघा. बूट काढतो, खिशातून पैसे काढतो, फोटो काढतो, तिकीट काढतो, वेळ काढतो, कुणाची खोडीसुद्धा काढतो. इंग्रजी बोलताना डोक्यात हाच एक ‘काढणे’ असतो आणि तोंडाला जे पहिलं येईल ते बोललं जातं, म्हणून मग ‘टेक आउट युअर शूज’ किंवा ‘रिमूव्ह अ फोटो’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तर फोटो डिलीट कर असाच लागतो.

तर आधी ऑफ आणि आउट वेगळे करून घ्या. अंगावर किंवा एखाद्या गोष्टीच्या वर असलेलं काढायचं तर ऑफ, आतून बाहेर काढायचं तर आउट. चष्मा नाकावर असतो म्हणून ‘टेक ऑफ युअर ग्लासेस’, पण कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात असते म्हणून तिला ‘टेक आउट’. अंगठी ऑफ, कवळी आउट. डब्याचं झाकण ऑफ, डब्यातली पोळी आउट. एअरपोर्टवर सिक्युरिटी चेकला उभे राहिलात की दोन्ही एकदमच लागतात, लॅपटॉप बॅगेतून आउट आणि बेल्ट, जॅकेट ऑफ. फोटोला मात्र यातलं काहीच नको, नुसतं ‘टेक अ फोटो’.

दुसरी चूक म्हणजे ‘टेक ऑफ इट’. वस्तूचं नाव घेत असाल तर ते मध्ये टाका नाहीतर शेवटी, दोन्ही बरोबर आहे: ‘टेक ऑफ युअर जॅकेट’, ‘टेक युअर जॅकेट ऑफ’. पण नावाऐवजी इट किंवा देम आलं की ते मध्येच बसतं, ‘टेक इट ऑफ’, ‘टेक देम ऑफ’. ‘पिक हिम अप’, ‘टर्न इट डाउन’ यांचंही असंच आहे. फक्त हा नियम ‘लुक आफ्टर’ला लावू नका, तिथे ‘लुक आफ्टर हिम’च म्हणायचं, ते तुटत नाही.

आता ऑफिसची भाषा. उद्या सुट्टी हवी म्हणून बरेच जण मेलमध्ये लिहितात, ‘आय ॲम टेकिंग ऑफ टुमॉरो’. वाचणाऱ्याला हा उद्या कुठेतरी निघालाय असंही वाटू शकतं, कारण अचानक निघून जाण्यालासुद्धा टेक ऑफच म्हणतात. सुट्टीचा दिवस मध्ये घाला म्हणजे शंकाच उरत नाही: ‘आय ॲम टेकिंग टुमॉरो ऑफ’, ‘कॅन आय टेक टू डेज ऑफ?’

विमानाच्या बाबतीत आपण ‘उडालंय’ म्हणतो, त्यात ‘आहे’ लपलेलं असतं, आणि तेच इंग्रजीत ‘इज’ होऊन येतं. ‘द फ्लाइट इज टेकन ऑफ’ चुकीचं, ‘हॅज टेकन ऑफ’ म्हणा. सकाळी उडालं असेल तर साधं ‘टूक ऑफ’. ‘टूक अ टेक ऑफ’ पण नको, मराठीत ‘विमानाने टेक ऑफ घेतला’ चालतं म्हणून तिकडे चालत नाही.

हे दोन शब्द किती जपून वापरावे लागतात ते विमानवाल्यांना फार महागात शिकावं लागलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुकं होतं, केएलएमच्या विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं की ‘वी आर नाऊ ॲट टेक ऑफ’. विमान परवानगी नसताना धावायला लागलं होतं आणि कंट्रोलरला वाटलं ते अजून जागेवर उभं राहून वाट बघतंय. त्याच रनवेवर पॅन ॲमचं विमान होतं. दोन्ही बोइंग ७४७, ती एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं इतरही होती, पण त्यानंतर टेक ऑफ हा शब्द रेडिओवर फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा असं ठरलं, बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

धंदा चांगला चालायला लागला तरी टेक ऑफच. पण धंदा स्वतः टेक ऑफ होतो, त्याला कुणी टेक ऑफ करत नाही, म्हणून ‘शी टूक ऑफ हर बिझनेस’ नको, ‘हर बिझनेस टूक ऑफ’ म्हणा. एमपीएससी करणाऱ्यांना अर्थशास्त्रातला रोस्टोव आठवत असेल, त्याने १९६० मध्ये मांडलेल्या विकासाच्या पाच टप्प्यांतला तिसरा हाच, उड्डाणाचा.

बिलातून पैसे कमी केले तर ‘ही टूक फिफ्टी रुपीज ऑफ द बिल’, ऑफच्या पुढे फ्रॉम जोडू नका. ब्रिटिश इंग्रजीत कुणाची नक्कल करण्यालाही टेक ऑफ म्हणतात, आपल्याकडे ते कमीच ऐकू येतं.

शेवटचं, उच्चार. क्रियापद असेल तर जोर ऑफवर द्या, ‘द प्लेन टूक *ऑफ*’. नाम असेल तर टेकवर, ‘द *टेक* ऑफ वॉज स्मूद’.