दोन इअरफोनचा आवाज नीट कम्पेअर कसा करायचा

एक इअरफोन काढायचा, दुसरा घालायचा आणि दहा सेकंदांत ठरवून टाकायचं की हा भारी, असं बरेच जण करतात, पण बहुतेक वेळा जो भारी वाटतो तो फक्त जरा जोरात वाजत असतो. म्हणून आधी व्हॉल्यूम मॅच करा, हे नाही केलं तर पुढचं सगळं वाया. आवाज कमी असला की आपल्या कानाला बेस, म्हणजे खालचे जाड सूर, बराच कमी ऐकू येतो, वाढवला की तो भरून येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. आणि एखाद्या डेसिबलचा फरक "जोरात" असा नाही तर "क्लिअर" असा जाणवतो, तिथेच फसायला होतं. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र असलेला धबधब्यासारखा सलग आवाज, लावा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा, गाण्यावर जुळवू नका.

मग सील, म्हणजे इअरफोनच्या रबरी टिपने कान घट्ट बंद होणं. टिप कानात नीट बसली नसेल तर बेस गळून जातो आणि आपण उगाच इअरफोनला पातळ म्हणतो. ४० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकसारखा खोल सूर, वाजवा आणि इअरफोन हळूच आत दाबून बघा, दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर टिपचा साइज बदला. किती खोल घालता त्यावर ट्रेबलही, म्हणजे वरचे बारीक सूर, बदलतो, त्यामुळे दरवेळी तेवढाच खोल घाला.

फोन एकच ठेवा, इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद.

आता ऐकायचं काय? पाठ असलेली तीन-चार गाणी घ्या आणि त्यातला वीसेक सेकंदांचा तोच तुकडा दोन्हीवर आलटून पालटून ऐका, कारण आवाजाचे बारकावे आपल्या लक्षात फार थोडा वेळ राहतात, पूर्ण गाणं ऐकून बदललं तर आधीचं विसरलेलं असतं. साधारण ६० हर्ट्झच्या खालचा बेस घुमतो, अंगाला जाणवतो, त्याच्या वर २५० पर्यंतचा मिड-बेस ठोका देतो, आणि हा मिड-बेस जास्त झाला की पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो, मला हे अजिबात सहन होत नाही. बाईच्या आवाजात "स" आणि "श" कानाला टोचतात का बघा, टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास काहीतरी वर आलंय. बेस आणि ट्रेबल दोन्ही वर, गायक मागे, तो व्ही-शेप. बेसकडे झुकलेला आणि ट्रेबल मऊ, तो वॉर्म.

इअरफोन कुठला सूर किती जोरात वाजवतो याचा ग्राफ बघत असाल तर ३ किलोहर्ट्झजवळचा उंचवटा बघून घाबरू नका. उघड्या कानाने ऐकताना कानाची नळी आणि बाहेरचा कान तिथला आवाज वाढवतात, इअरफोन घातल्यावर ती वाढ बिघडते म्हणून ती मुद्दाम भरून काढलेली असते. ८ किलोहर्ट्झजवळचा टोकदार पीक मात्र पुष्कळदा मोजणाऱ्या यंत्राचाच असतो, त्यावरून इअरफोनला शार्प ठरवू नका.

एवढं झाल्यावरही लगेच निकाल देऊ नका, एकच इअरफोन दोन-तीन दिवस वापरा आणि मग दुसऱ्यावर या. पहिल्या पाच मिनिटांत चमकदार वाटलेला ट्रेबल तासाभराने डोकं उठवतो, हे मी कितीदा अनुभवलंय. शेवटी जो आवडला नाही त्याच्यावर इक्वलायझरने मिड-बेस ३ डेसिबल कमी करून बघा, तेवढ्याने तो आवडायला लागला तर अडचण फक्त ट्यूनिंगची होती.